महिना अर्धा डॉलर : शिक्षिकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला आरोग्य विमा



गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवं असं विचारलं, की एक कारण हमखास येतं, दवाखाना. बी-बियाणं, म्हैस, मुलांची फी, घराचे पत्रे हे खर्च आपण आधी ठरवू शकतो. आजारपण मात्र सांगून येत नाही. वर्षभर काटकसर करून साठवलेले पैसे आठ दिवसांत जातात आणि वरून कर्ज होतं. आज घरोघरी आरोग्य विम्याची चर्चा चालते. कुणाकडे सरकारी योजनेचं कार्ड आहे, कुणाच्या दारात एजंट येऊन बसतो. पण हा विमा आला कुठून, तो चालतो कसा आणि कधी बिघडतो, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. आज तीच गोष्ट ऐकू या. ती सुरू होते अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डलास शहरात आणि तिच्या मध्यभागी आहेत शाळेतल्या बाई.

आधी एक फरक लक्षात घेऊ. भिशी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. भिशीत जितके घालतो, तितके आज ना उद्या आपल्या हाती परत येतात. फक्त पाळी कुणाची आधी, कुणाची नंतर. विम्यात तसं नसतं. तिथे सगळ्या जणी थोडं थोडं घालतात आणि जिच्यावर वेळ येते तिच्यासाठी तो पैसा वापरला जातो. जिच्यावर वेळ आली नाही, तिला काही परत मिळत नाही. "माझे पैसे फुकट गेले" असं तिला वाटू शकतं. पण ते फुकट गेलेले नसतात, शेजारणीच्या ऑपरेशनला गेलेले असतात. उद्या आपल्यावर वेळ आली तर शेजारणीचे पैसे आपल्याला येतील, हा त्यातला भरवसा. सगळा विमा या भरवशावर उभा असतो.

थकलेली बिलं

१९२९ साल. डलासमध्ये बेलर विद्यापीठाचं एक मोठं रुग्णालय होतं. त्याची आर्थिक स्थिती बिकट झाली होती. त्या कामाची जबाबदारी जस्टिन फोर्ड किंबॉल नावाच्या गृहस्थांकडे आली. ते डॉक्टर नव्हते. त्याआधी ते डलासच्या शाळांचे मुख्य अधिकारी होते, त्यामुळे शिक्षकांची घरची परिस्थिती त्यांना चांगली ठाऊक होती. रुग्णालयाची थकबाकी चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसू लागली. बिलं थकलेल्यांमध्ये शाळेतले शिक्षक होते आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. पगार बेताचा, एकदा आजारपण आलं की बिल फेडता फेडता नाकीनऊ यायचे. म्हणजे दोन्हीकडून अडचण. शिक्षिका कर्जात आणि रुग्णालयही तोट्यात.

किंबॉल यांच्याकडे एक जुनी वही कामाला आली. १९१८ साली जगभर इन्फ्लुएंझाची साथ आली होती. त्या काळात त्यांनी शिक्षकांसाठी आजारपणाचा एक मदतनिधी सुरू केला होता. त्या निधीच्या नोंदींवरून वर्षाकाठी किती जण आजारी पडतात, किती दिवस रुग्णालयात राहतात, याचा अंदाज बांधता येत होता. त्यांनी हिशोब मांडला. सगळ्या शिक्षकांचा रुग्णालयाचा खर्च एकत्र करून सगळ्यांत वाटला, तर माणशी महिन्याला पंधरा सेंटच्या आसपास येत होता. शंभर सेंटचा एक डॉलर. अंदाज चुकला तरी योजना बुडू नये म्हणून त्यांनी वर्गणी ठेवली महिन्याला पन्नास सेंट, म्हणजे अर्धा डॉलर. वर्षाचे सहा डॉलर. त्याच्या बदल्यात वर्षातून एकवीस दिवस रुग्णालयातली खोली, ऑपरेशनची सोय आणि तपासण्या.

एक अट मात्र होती. शिक्षकांपैकी किमान तीन-चतुर्थांश जण आले तरच योजना सुरू होणार. ही अट का, ते आपण पुढे बघू. अट पूर्ण झाली. बाराशेहून अधिक शिक्षकांनी नावं घातली आणि १९२९ च्या डिसेंबरमध्ये योजना सुरू झाली. त्याच महिन्यात एक शिक्षिका बर्फावरून घसरून पडली आणि तिचा घोटा मोडला. योजनेचा पहिला लाभ तिला मिळाला.

यात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली, शिक्षिकेच्या हातात रोख पैसे मिळत नव्हते. तिला थेट उपचार मिळत होते. आज आपण ज्याला कॅशलेस म्हणतो, त्याचं हे जुनं रूप. दुसरी, पैसे आजाराच्या आधीच रुग्णालयाकडे जमा होत होते. समजा बाराशे जणी असतील, तर महिन्याला सहाशे डॉलर ठरलेल्या तारखेला येणार. रुग्णालयालाही आपला खर्च आखता येऊ लागला. डॉक्टरची फी मात्र या योजनेत नव्हती, ती वेगळी द्यावी लागे.

मंदी आली आणि कल्पना पसरली

याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला होता. कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या. लोकांकडे पैसा नाही म्हटल्यावर खासगी रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या राहू लागल्या. तेव्हा इतर रुग्णालयांचं लक्ष डलासकडे गेलं. तिथे वर्तमानपत्राचे आणि बँकेचे कर्मचारीही योजनेत येत होते.

विमा कंपन्या तोपर्यंत या धंद्यापासून लांब होत्या. त्यांचं म्हणणं असं, की घराला आग लागली तर ती डोळ्यांनी दिसते, माणूस मेला तर ते नक्की कळतं, पण आजारपण मोजायचं कसं? आणि विमा घ्यायला येणार कोण, तर आधीच आजारी असलेले. त्यामुळे हे काम रुग्णालयांनी आणि शहरातल्या लोकांनीच पुढे नेलं.

पुढची सुधारणा महत्त्वाची होती. डलासची योजना एकाच रुग्णालयाची होती. १९३२ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅक्रामेंटो शहरात अनेक रुग्णालयांनी मिळून एक योजना केली. वर्गणी एकच, रुग्णालय आपल्या पसंतीचं. मग शहरोशहरी, राज्योराज्यी अशा योजना उभ्या राहिल्या. प्रत्येक योजना आपल्या प्रदेशापुरती. तिथली माणसं, तिथली रुग्णालयं, तिथलेच संचालक. १९३४ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या योजनेने आपल्या जाहिरातीवर निळ्या रंगाचं फुलीसारखं चिन्ह छापलं. लोकांना ते आवडलं. इतर योजनांनीही ते उचललं आणि १९३९ मध्ये अमेरिकेच्या रुग्णालय संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नाव पडलं ब्लू क्रॉस, म्हणजे निळा क्रॉस. डॉक्टरांच्या फीसाठी त्याच सुमाराला वेगळ्या योजना निघाल्या, त्यांचं नाव ब्लू शील्ड, म्हणजे निळी ढाल. १९४० पर्यंत ब्लू क्रॉसच्या एकोणचाळीस योजना झाल्या होत्या आणि त्यांत साठ लाखांहून अधिक माणसं होती.

सरकारने या योजनांना सवलत दिली. न्यूयॉर्क राज्याने १९३४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदाच केला. या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या नाहीत, समाजाच्या उपयोगाच्या संस्था आहेत, म्हणून त्यांना करात सूट मिळाली. त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून एक अपेक्षा होती. हप्ता सगळ्यांना सारखा. तरुण असो, म्हातारा असो, धडधाकट असो की दम्याचा रोगी असो, एका भागात राहणाऱ्याला एकच दर.

धडधाकट माणसं निघून गेली

आता त्या तीन-चतुर्थांशाच्या अटीकडे येऊ. एक साधा हिशोब करू. समजा आपल्या गावात शंभर बायकांनी आजारपणाचा निधी केला. वर्षात पाच जणींना रुग्णालयात जावं लागलं, प्रत्येकीचा खर्च वीस हजार. एकूण एक लाख. शंभर जणींत वाटला तर प्रत्येकी हजार रुपये. जमेल असं आहे.

आता पन्नास तरुण, निरोगी बायका म्हणाल्या, "आम्ही कधी आजारी पडत नाही, आम्ही कशाला भरू?" त्या निघून गेल्या. आजारी पडणाऱ्या पाच जणी मात्र आतच आहेत. खर्च तोच एक लाख, पण वाटेकरी पन्नास. हप्ता झाला दोन हजार. मग आणखी वीस जणी म्हणाल्या, "एवढं परवडत नाही." त्या गेल्या. उरल्या तीस, हप्ता तीन हजारांच्या वर. असं होत होत शेवटी फक्त आजारी बायका उरतात आणि निधी मोडतो. म्हणून किंबॉल यांनी आधी बहुसंख्य शिक्षक मागितले होते. आजारी माणसाला विमा हवाच असतो, पण विमा तगतो तो निरोगी माणूस आत थांबल्यामुळे.

अमेरिकेत नेमकं हेच घडलं. ब्लू क्रॉसने दाखवून दिलं की आरोग्य विमा चालू शकतो. मग खासगी विमा कंपन्या मैदानात आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं होतं. कामगार टिकवायचे तर कारखानदार पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ लागले. गिऱ्हाईक वाढलं. खासगी कंपन्यांनी सगळ्यांना एक दर ठेवला नाही. ज्या कारखान्यात कामगार तरुण आहेत, आजारपण कमी आहे, त्यांना त्यांनी स्वस्तात विमा दिला. साहजिकच ते कारखाने तिकडे गेले. १९५३ पर्यंत खासगी कंपन्यांकडे ब्लू क्रॉसपेक्षा जास्त माणसं झाली होती.

मागे उरले वयस्कर आणि आजारी. त्यांच्यामुळे ब्लू क्रॉसचा हप्ता वाढू लागला. टिकून राहायचं म्हणून ब्लू क्रॉसच्या योजनांनीही एकेक करून सारखा दर सोडला आणि माणूस बघून दर लावायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त हाल झाले म्हाताऱ्या माणसांचे. नोकरी सुटली की विमा सुटायचा आणि नवा घ्यायला जावं तर हप्ता आवाक्याबाहेर. शेवटी १९६५ मध्ये सरकारला म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड अशा दोन सरकारी योजना आणाव्या लागल्या.

मालक कोण?

पुढचा प्रश्न मालकीचा. एवढा पैसा जमला, तो कुणाचा? वर्गणी भरणाऱ्यांचा, संचालकांचा, की समाजाचा?

१९८६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने या संस्थांची केंद्रीय करातली सूट काढून घेतली. कारण उघड होतं. यांचा कारभार आता इतर विमा कंपन्यांसारखाच चालला होता. १९९४ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती संघटनेने नियम बदलला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही निळा क्रॉस वापरायची परवानगी दिली. काही योजना शेअर बाजारात उतरल्या. कॅलिफोर्नियात मात्र सरकारी अधिकारी आणि जागरूक लोकांनी प्रश्न विचारला. इतकी वर्षं करमाफी घेऊन, समाजाच्या नावावर जी मालमत्ता उभी राहिली, ती कंपनीने अशीच खिशात घालायची का? त्या आग्रहामुळे १९९६ मध्ये तीन अब्ज डॉलरहून मोठी रक्कम बाजूला निघाली आणि लोकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या दोन धर्मादाय संस्था त्यातून उभ्या राहिल्या. प्रश्न विचारला म्हणून ती रक्कम समाजाकडे आली.

दुसरं उदाहरण वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, गरीब राज्याचं. तिथली ब्लू क्रॉस योजना १९९० मध्ये बुडाली. हप्ते भरलेल्या माणसांची रुग्णालयाची बिलं तशीच राहिली. नंतर अमेरिकेच्या संसदेच्या समितीने चौकशी केली, तेव्हा कारभारातला ढिसाळपणा बाहेर आला. संचालक मंडळ होतं, पण हिशोबाकडे नीट लक्ष नव्हतं. नफा न कमावणारी संस्था म्हणजे आपोआप चांगली संस्था, असं नसतं. वही उघडून बघावीच लागते.

आणि डलासची मूळ योजना? ती वाढत जाऊन टेक्सास राज्याची ब्लू क्रॉस झाली आणि १९९८ मध्ये इलिनॉय राज्यातल्या कंपनीत विलीन झाली. त्या कंपनीच्या ब्लू क्रॉस योजना आज पाच राज्यांत आहेत आणि तिचे शेअर बाजारात नाहीत, कागदोपत्री ती विमेदारांच्या मालकीची आहे. निळ्या क्रॉसच्या तीसहून अधिक कंपन्या आज अमेरिकेत आहेत आणि दर तीन माणसांमागे साधारण एकाचा विमा त्यांच्याकडे आहे.

बाईला जास्त हप्ता

माणूस बघून दर लावायला सुरुवात झाली, तेव्हा बायकांचं काय झालं हेही ऐकू या. ज्या विम्याची सुरुवात शिक्षिकांपासून झाली, त्यात पुढे बाई असणं हेच महाग ठरलं. बाळंतपणाचा खर्च येतो म्हणून स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्या बाईला त्याच वयाच्या पुरुषापेक्षा जास्त हप्ता लावला जाई. गंमत अशी, की जास्त हप्ता भरूनही अशा बहुतेक पॉलिसींत बाळंतपण धरलेलंच नसे. आधीपासून एखादा आजार असेल तर विमा नाकारला जाई.

यावर बायकांना कायद्याची वाट धरावी लागली. १९७८ च्या कायद्याने नोकरीच्या ठिकाणच्या विम्यात बाळंतपणाला इतर आजारपणांसारखंच धरणं बंधनकारक झालं. आणि २०१० मध्ये झालेल्या मोठ्या आरोग्य कायद्याने, २०१४ पासून, बाई म्हणून जास्त हप्ता लावायला आणि जुना आजार म्हणून विमा नाकारायला बंदी आली. सगळ्यांना सामावून घेण्याचा जो नियम सुरुवातीच्या योजनांनी आपणहून पाळला होता, तो परत आणायला सरकारला कायदा करावा लागला.

सेवाग्रामची ज्वारी

हे सगळं सातासमुद्रापार झालं, असं वाटत असेल तर वर्ध्याला चला. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांसाठी एक योजना चालवली. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात रोख पैसा नेहमी नसतो. तो असतो सुगीच्या वेळी आणि तोही धान्याच्या रूपात. म्हणून वर्गणी ठरली ज्वारीत. पीक निघालं की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची.

सगळ्यांची वर्गणी सारखी नव्हती. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. आणि इथेही तीच अट होती. गावातली साधारण तीन-चतुर्थांश घरं आली तरच गाव योजनेत. डलासचे शिक्षक आणि वर्ध्याचे शेतकरी, दोघांत काही संबंध नाही, पण हिशोबाने दोघांना एकाच ठिकाणी आणलं. अचानक आलेलं आजारपण असेल तर सवलत जास्त, आणि जे आधी ठरवता येतं त्यात घरच्यांनी काही वाटा उचलायचा, असाही फरक तिथे होता.

आपल्या गटात बोलायच्या गोष्टी

आज आपल्याकडे आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेत. तिथे हप्ता आपण हातातून भरत नाही, सरकार भरतं. पण सरकारचा पैसा म्हणजे आपल्याच कराचा पैसा. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण कर भरतो. म्हणजे ही वर्गणी आपलीच आहे आणि विचारायचा हक्कही आपलाच आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीच्या घरी कार्ड आहे का, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, सासूबाईंचं आणि नव्या सुनेचं आहे का, ते बघा. योजनेत ठरावीक रुग्णालयं आणि ठरावीक उपचारच असतात, तेव्हा आपल्या तालुक्यातलं आणि जिल्ह्यातलं कोणतं रुग्णालय त्यात आहे याची यादी वहीत लिहून ठेवा. आजारपण आल्यावर शोधाशोध नको. त्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. पैसे भरायच्या आधी त्याला भेटा.

कुणी खासगी पॉलिसी घेत असेल तर एजंटला तोंडावर विचारा. बाळंतपण धरलंय का आणि किती महिन्यांनंतर? जुना आजार किती दिवसांनी धरला जाईल? खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का? असलेला आजार फॉर्मवर लपवू नका, त्याच कारणाने पुढे क्लेम नाकारला जातो. क्लेम नाकारलाच तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आणि कुठे गटांनी मिळून आजारपणाचा निधी करायचं ठरवलं, तर आधी मोजा. मागच्या वर्षी आपल्यापैकी कितीजणींना रुग्णालयात जावं लागलं, खर्च किती आला, ते लिहून काढा. किंबॉल यांनी जुन्या वहीवरूनच पन्नास सेंट ठरवले होते. आपल्याकडेही वही असते. त्यात बचतीची आणि कर्जाची नोंद असते. त्याच पानावर आजारपणाचा एक रकाना वाढवायला किती वेळ लागेल?

तेवढा रकाना या महिन्यापासून सुरू करा. वर्षाअखेरीस तो बघून आपल्याला कळेल की आपल्या गावाचं आजारपण नेमकं किती रुपयांचं आहे. मग हप्ता सांगायला कुणीही आलं, तरी बोलणी आपल्या हिशोबावरून सुरू होतील.